पहिल्या मुक्कामाचे तळे

पाठीवरच्या सॅकमध्ये तंबू, पांघरूण आणि दोन वेळचा शिधा घेऊन डोंगरात एक रात्र काढायची, तर ती तळ्याकाठी काढावी असे नवख्या भटक्यास वाटणे स्वाभाविक आहे, कारण तळे म्हटले की पाण्याची सोय होते, काठाला थोडीफार सपाट जागा मिळते आणि चाल कुठे संपवायची हेही आपोआप ठरते. मात्र अशी तळी बहुधा छायाचित्रे पाहून निवडली जातात आणि छायाचित्रे भर उन्हात टिपलेली असतात; तिथली रात्र कशी जाईल, हा खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

त्यात पहिला विचार उंचीचा. महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांची तयारी सह्याद्रीत झालेली असते. पण येथील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, आणि विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो, त्यामुळे पाय कितीही कणखर असले तरी त्या हवेची ओळख शरीराला झालेली नसते. डोकेदुखी, मळमळ आणि उडालेली झोप ही या त्रासाची लक्षणे. झोपेत श्वास मंदावल्याने रक्तातील प्राणवायू आणखी घटतो, म्हणून गिर्यारोहक दिवसा कुठवर चढलो यापेक्षा ‘झोपण्याची उंची’, म्हणजे रात्री पाठ टेकली ती उंची, मोजतात आणि ३,००० मीटरच्या वर ती एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढू नये असा दंडक पाळतात. या हिशेबाने मनालीजवळचे, सुमारे ४,२०० मीटरवरचे भृगू तळे पहिल्या मुक्कामासाठी बाद ठरते. स्पितीतील चंद्रताल त्याहून फसवे आहे, कारण तळे तितक्याच उंचीवर असूनही गाडीरस्ता जवळपर्यंत गेलेला आहे. सुमारे २,००० मीटरवरच्या मनालीहून सकाळी निघालेला प्रवासी फारसे न चालता संध्याकाळी तिथे पोहोचतो आणि रात्रभर डोके धरून बसतो.

नवख्यांच्या आवाक्यातील तीन तळी सांगता येतील. उत्तराखंडात उखीमठजवळच्या सारी गावाहून जेमतेम तीन किलोमीटर चढले की सुमारे २,४०० मीटरवर देवरिया ताल लागते. सकाळी वारा पडलेला असला तर त्यात ७,१३८ मीटर उंचीच्या चौखंब्याचे प्रतिबिंब उतरते. हिमाचलातील मंडी जिल्ह्यात २,७३० मीटरवर असलेल्या पराशर तळ्यात गवताचे एक तरंगते बेट असून काठावर पराशर ऋषींचे लाकडी, उतरत्या छपरांचे मंदिर आहे. खाली बग्गी गावापासून जंगलातून चढून जाता येते, शिवाय रस्ताही तळ्याच्या जवळ पोहोचतो. सराईत भटके या रस्त्याला नाके मुरडतात, पण पहिल्याच रात्री कोणी आजारी पडले तर याच रस्त्याने गाडी मिळते. कांगड्यातील करेरी तळे २,९३४ मीटरवर, धौलाधारच्या कुशीत आहे. तिथवरची चाल ओढ्याच्या काठाने पण चांगली दिवसभराची असल्याने एखादी रात्र डोंगरात काढून झाल्यावरच ते निवडावे, आणि पावसाळ्यात तर नकोच.

जागा ठरली म्हणजे ऐन काठावर तंबू ठोकता येईल असे मात्र नाही. चंद्रतालच्या काठी मुक्कामास मनाई आहे, पराशर तळे पवित्र मानले जाते, आणि उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे वृक्षरेषेच्या वरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास बंदी घातलेली आहे. तेव्हा पायथ्याच्या गावात आणि वनखात्याकडे चौकशी करूनच निघावे. काठ टाळण्यात मुक्काम करणाऱ्याचाही लाभ आहे. उंचावरची तळी बहुधा वाटीसारख्या खोलगट जागी असतात. रात्री उतारांवरची हवा गार होऊन जड होते आणि पाणी उतरावे तशी घरंगळत वाटीच्या तळाशी साचते, त्यामुळे काठावरचा तंबू थोड्या वर लावलेल्या तंबूपेक्षा अधिक गारठतो. पाण्याजवळच्या ओलसर हवेत श्वासातील वाफ तंबूच्या आतल्या कापडावर थेंबाथेंबाने जमते, पहाटे कुणी कूस बदलली की ते थेंब खाली पडतात, आणि स्लीपिंग बॅगेचा पायाकडचा भाग ओला झालेला सकाळी कळतो. पाण्यापासून साठेक मीटर दूर आणि थोड्या चढावर जागा धरली की हे बरेचसे टळते. शौचाचा खड्डाही निदान तेवढ्याच अंतरावर, वीतभर खोल खणावा लागतो.

पाण्याची सोय हा तळे निवडण्याचा पहिला हेतू असला, तरी तळ्याचे पाणी तसेच पिण्याजोगे नसते. करेरीच्या कुरणांवर उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळांचे कळप उतरतात आणि लेंड्यांसह सारे पावसाबरोबर तळ्यात जाते, म्हणून पाणी तळ्याला मिळणाऱ्या वाहत्या धारेतून, तेही कळपाच्या वरच्या बाजूने, भरावे आणि उकळावे. उंचीवर पाणी कमी तापमानाला, चंद्रतालसारख्या ठिकाणी तर सुमारे ८६ अंश सेल्सिअसलाच, उकळते, त्यामुळे २,००० मीटरच्या वर उकळी फुटल्यावरही ते ३ मिनिटे खदखदू द्यावे लागते. याच कारणाने तिथे डाळ शिजता शिजत नाही आणि पोह्यांवर भागवणे शहाणपणाचे ठरते. स्टोव्हचे गॅस सिलिंडर विमानातून नेऊ देत नाहीत, ते पायथ्याच्या मोठ्या गावातूनच घ्यावे लागतात, आणि या जास्तीच्या उकळण्याचा हिशेब तिथल्या दुकानातच करून ठेवावा लागतो.