जानकीकुंडाच्या खडकांतील सूक्ष्म शेवाळें

डबक्यांतील पाण्याचा एक थेंब कांचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला म्हणजे त्यांत हिरव्या तंतूंचें केवढें दाट रान असतें, हें आपल्या प्रयोगशाळेंत बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलें आहे. एकापुढें एक पेशी, आगगाडीच्या डब्यांप्रमाणें जोडलेल्या. आणि प्रत्येक पेशींत हरितद्रव्याचा वळसेदार पट्टा. गेल्या वर्षीं हें दृश्य पाहतांना एका चौकस मुलानें मला विचारलें, "सर, असलें शेवाळ पृथ्वीवर पहिल्यानें केव्हां उगवलें?" मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जें वाचून समजून घेतलें तें येथें मांडितों. कारण त्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्याच देशांत, चित्रकूटास, मंदाकिनीच्या कांठीं सांपडला आहे, आणि त्याची हकीकत एखाद्या कज्जाच्या हकीकतीसारखी मनोवेधक आहे.

महाराष्ट्रांत ज्या काळ्या दगडाचीं घरें व देवळें आपण बांधितों, तो ज्वालामुखीचा थिजलेला रस असून त्याचें वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें आहे. प्राचीन समुद्राचा इतिहास शोधणाऱ्यास त्यांत फारसें कांहीं मिळावयाचें नाहीं. विंध्याची गोष्ट निराळी. शोण नदीचें खोरें, कैमूरच्या रांगा व चित्रकूटाचा परिसर येथील पुष्कळ खडक समुद्रतळावर सांचलेल्या गाळाचे आहेत: वाळूचे खडक, चिखलाचे पातळ पत्रे, चुनखडी, आणि चुनखडीचीच मॅग्नेशियमयुक्त बहीण जी डोलोमाईट ती. हिमालयाप्रमाणें ते फारसे चुरगळले गेले नाहींत. वह्यांच्या चवडीसारखे थरावर थर राहिले आहेत.

१९९८ सालीं डेहराडूनच्या वाडिया हिमालयीन भूविज्ञान संस्थेंतील रफत जमाल आझमी या शास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. विंध्यगटाच्या खालच्या भागांत, रोहतासगडच्या चुनखडींत, आपणांस अतिशय बारीक कवचांचे जीवाश्म सांपडले, व ते कँब्रियन युगाच्या आरंभींचे, म्हणजे सुमारें ५४ कोटी वर्षांपूर्वींचे दिसतात, असें त्यांचें म्हणणें होतें. कँब्रियन युगाच्या आरंभीं अशा बारीक कवचांचे प्राणी जगांतील अनेक समुद्रांत होते, म्हणून हा तर्क कांहीं विचित्र नव्हता. परंतु तो खरा मानल्यास भारतांतील खडकांची सारी कालगणना उलटीपालटी होत होती.

खडकाचें वय ठरविण्याची दुसरी एक रीत आहे. ती जीवाश्मांवर अवलंबून नाहीं. विंध्याच्या थरांत मधून मधून ज्वालामुखीची राख पडलेली असून तींत झिरकॉन नांवाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक बनतांना त्यांत थोडें युरेनियम शिरतें, शिसें जवळ जवळ शिरत नाहीं. पुढें युरेनियमचें शिसें ठराविक गतीनें होत जातें. तेव्हां दोहोंचें प्रमाण मोजलें कीं स्फटिकाचा जन्मकाळ निघतो. २००२ सालीं दोन निरनिराळ्या मंडळींनीं हें माप घेतलें, आणि दोघांचें उत्तर सुमारें १६३ कोटी वर्षें असें आलें.

एकाच डोंगराच्या दोन जन्मपत्रिका, आणि दोहोंत शंभर कोटींहून अधिक वर्षांचें अंतर! साहजिकच आझमींच्या निबंधावर टीकेचा भडिमार झाला. त्यांचे ते नमुने मुळांत जीवाश्मच नव्हेत, येथपर्यंत शंका घेण्यांत आली. शास्त्रज्ञाचा निष्कर्ष चुकला असें म्हणणें ही रोजची गोष्ट आहे. पण त्यानें जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच खोटें, असें म्हटलें जाणें ही फार जड गोष्ट आहे.

पुढें स्टॉकहोम येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांतील स्टेफान बेंग्टसन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. चित्रकूटाजवळील स्फुरदयुक्त डोलोमाईटाचे नवे नमुने त्यांनीं गोळा केले. असा खडक सौम्य आम्लांत, शिरक्यांत असतें त्याच जातीच्या आम्लांत, ठेविला म्हणजे डोलोमाईट हळूहळू विरघळतो व स्फुरदाचा भाग मागें राहतो. मग तळाचा साका धुवून, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक कुंचल्यानें कण कण निवडावयाचा. आपल्या घरीं बायका सुपांत तांदूळ निवडितात तितकेंच हें काम धिमें आहे. फरक इतकाच, कीं येथें दाणा मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो.

२००९ सालीं त्यांचा निबंध निघाला, आणि जीवाश्म खरे आहेत पण ते शंभर कोटींहून अधिक वर्षांनीं जुने आहेत, असा निकाल त्यांनीं मथळ्यांतच देऊन टाकिला. ज्या स्फुरदयुक्त खडकांत जीवाश्म होते त्याच खडकांतील शिशाचें माप घेतां वय १६५ कोटी वर्षें आलें. त्यांत चूक असली तर सुमारें नऊ कोटी इकडे किंवा तिकडे. आझमींना दिसलेल्या कंगोरेदार नळ्या तेथें होत्या. प्राण्यांच्या गर्भांसारखे दिसणारे, पृष्ठावर बहुकोनी नक्षी असलेले गोळेही होते. पण ते गर्भ नव्हते. ते जंतूंच्या बुळबुळीत थरांत अडकलेले वायूचे बुडबुडे होते! इतका काळ एक बुडबुडा टिकून राहावा, याचें मला अजूनही नवल वाटतें. स्फुरदाचें खनिज सडण्याच्या आधींच फार लवकर त्याच्याभोंवतीं बसलें, म्हणून तो टिकला. पेशींचे आकार टिकण्याचें कारणही तेंच.

पालकांपैकीं कोणी येथें पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या सहा दिवसांची आठवण करून देतील; वर्गांतही हा प्रश्न दरवर्षीं निघतो. माझें मत असें, कीं ते दिवस घड्याळानें मोजण्यासाठीं लिहिलेले नाहींत, आणि देवानें घडविलेल्या खडकाचें वय खडकासच विचारण्यांत अश्रद्धा नाहीं. ज्यांचें मत निराळें आहे त्यांच्याशीं मी या लेखांत वाद घालीत नाहीं.

खडकाचें वय ठरल्यावर खरी मौज सुरू झाली. कारण हे जीव कोणते, हा प्रश्न आतां पूर्वींहून मोठा झाला. पृथ्वीवर जंतु फार पुरातन काळापासून आहेत. पण त्यांची पेशी साधी असते. तिच्यांत वेगळें केंद्रक नसतें, कीं कामाप्रमाणें केलेल्या वेगळ्या खोल्या नसतात. झाडें, प्राणी, बुरशी आणि आपण स्वतः दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे आहों. तींत केंद्रक असतें व संसार नीट मांडलेला असतो. ही दुसरी पेशी केव्हां उत्पन्न झाली, आणि अशा अनेक पेशी मिळून एक देह केव्हां झाला, हे जीवसृष्टीच्या इतिहासांतील अत्यंत महत्त्वाचे प्रश्न आहेत.

बेंग्टसन यांच्या मंडळीनें चित्रकूटाजवळच्या जानकीकुंडाचे जीवाश्म स्वित्झर्लंडमधील एका प्रचंड यंत्राच्या क्ष-किरणांखालीं धरिले. नमुना थोडा थोडा फिरवून शेंकडों छायाचित्रें घ्यावयाचीं व गणकयंत्रानें त्यांचा सांधा जुळवून आंतील रचना उभी करावयाची, अशी ती रीत आहे. दगड न फोडतां त्याच्या पोटांत पाहतां येतें. २०१७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें तें असें. कांहीं जीवाश्म तंतूसारखे, सुमारें एकदशांश मिलिमीटर जाडीचे; त्यांत एकापुढें एक पेशी, प्रत्येक पेशींत शंकरपाळ्याच्या आकाराची एक चकती, आणि दोन पेशींमधील पडद्याच्या मध्यभागीं छिद्रासारखी खूण. दुसरे जीवाश्म तळाला चिकटून वाढणारे, पाळीदार, ज्यांतील पेशींच्या रांगा कारंज्याप्रमाणें वर फांकल्या आहेत. हीं लक्षणें आजच्या तांबड्या शेवाळांशीं जुळतात. ज्या चायना ग्रासची आपण दुधांत घालून वडी थिजवितों, ती याच तांबड्या शेवाळांपासून निघते.

हा दावा सर्वांस मान्य आहे असें मात्र नाहीं, आणि तसें सांगणें अवश्य आहे. यापूर्वीं जगांतील निःसंशय तांबडें शेवाळ म्हणून जें मानलें जात असे, तें कॅनडाच्या उत्तरेकडील एका बेटावरचें असून त्याचें वय सुमारें १०५ कोटी वर्षें आहे. चित्रकूटाचें शेवाळ त्याहून पंचावन्न कोटी वर्षांनीं जुनें! मेलेल्या पेशींतील द्रव्य आकसूनही आंत गोळा दिसूं शकतो. ऑस्ट्रेलियांतील बिटर स्प्रिंग्स येथील जीवाश्मांत असे ठिपके केंद्रक म्हणून वाखाणले गेले होते. पुढें साध्या नीलहरित जंतूंच्या पेशी मरतांना पाहिल्या, तेव्हां त्यांतही तसेच ठिपके उमटले. तेव्हां शंकरपाळ्याच्या चकतीविषयींही सावध राहिलें पाहिजे. तरी २०२४ सालीं उत्तर चीनमधील सुमारें १६३ कोटी वर्षांच्या खडकांतून अनेक पेशींचे, केंद्रकयुक्त जातीचे वाटणारे तंतु वर्णिले गेले. त्यामुळें विंध्याचा साक्षीदार आतां एकटा राहिलेला नाहीं.

आणि समुद्राविषयीं हे साक्षीदार काय सांगतात? शेवाळ उजेडावांचून वाढत नाहीं. तेथील डोलोमाईटांत पापुद्र्यापापुद्र्यांचे घुमट आहेत; ते जंतूंच्या चिकट गालिच्यांनीं गाळ धरून ठेविल्यानें बनले. म्हणजे पाणी उथळ व सूर्यप्रकाशाचें होतें. स्फुरदयुक्त थर जागोजाग मोडून त्यांचे तुकडे पुन्हां गाळांत रुतले आहेत, म्हणजे लाटांचा हात तळापर्यंत पोंचत होता. बुडबुड्यांतील वायु बहुधा त्या गालिच्यांनींच उन्हांत सोडलेला प्राणवायु असावा.

परंतु किनारा सोडून खोल गेलें कीं चित्र पालटे. वातावरणांत प्राणवायु टिकून राहूं लागला तो सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं. तरी पुढें शंभर कोटींवर वर्षें खोल समुद्र बहुतेक प्राणवायुहीन राहिला. त्यांत विरघळलेलें लोखंड असे, आणि कोठें कोठें सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकयुक्त वायु. हें त्या काळच्या चिखलाच्या खडकांतील लोखंड व गंधक कोणत्या रूपांत आहे यावरून समजतें. उत्तर ऑस्ट्रेलियांतील रोपर खडकगट सुमारें दीडशें कोटी वर्षांचा आहे. त्यांतील सूक्ष्म जीवाश्म झाव्हो, नोल व वॉल्टर यांनीं २००१ सालीं तपासले. दगड अतितीव्र आम्लांत विरघळवून पेशींचीं चिवट वेष्टनें वेगळीं काढलीं, तेव्हां कांहींवर हातांसारखे फांटे फुटलेले आढळले. केंद्रकयुक्त पेशींच्या जाती किनाऱ्यालगत अधिक आणि खोल तळाकडे कमी, असाही क्रम दिसला. पुढल्याच वर्षीं अँबार व नोल यांनीं एक कारण सुचविलें. जीवांस नायट्रोजन मिळवून देण्याच्या कामीं मॉलिब्डेनम हा धातु लागतो, आणि गंधकयुक्त पाणी तो धातु तळाशीं नेऊन बसवितें. म्हणून नद्यांचें ताजें पाणी जेथें येई तेथेंच या जीवांचें बरें चालत असे. हें अनुमान आहे, पण आंकड्यांशीं विसंगत नाहीं. डोळ्यांस दिसतील असे मोठे प्राणी अवतरण्यास सुमारें ५७ कोटी वर्षांपूर्वींचा काळ उजाडावा लागला.

जानकीकुंडाच्या जीवाश्मांस नांवें देण्याची वेळ आली, तेव्हां पाळीदार शेवाळास शोधकांनीं रामाथॅलस म्हटलें. परंपरेप्रमाणें वनवासांत राम चित्रकूटीं राहिला होता, आणि थॅलस म्हणजे शेवाळाचें अंग. आणि ज्या तंतूच्या पोटांत शंकरपाळ्याची चकती आहे, त्याचें नांव त्यांनीं रफाताझमिया चित्रकूटेन्सिस असें ठेविलें, काळाचा हिशेब शंभर कोटींहून अधिक वर्षांनीं चुकलेल्या रफत आझमींच्या नांवावरून.