तुलना कोणाशी?

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीने जुलैत पाळ्यांच्या वेळा बदलल्या आणि डिसेंबरात गैरहजेरी घटलेली दिसली, तर श्रेय नव्या वेळांना द्यावेसे वाटणारच. पण दरम्यान पाऊस संपलेला असतो, रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडणे थांबलेले असते, साथीचे तापही ओसरलेले असतात. नुसते आधीचे आणि नंतरचे आकडे मांडून यातले नेमके कशामुळे काय झाले ते कळत नाही. म्हणून कामाच्या जागी संशोधन करू पाहणाऱ्याने प्रस्ताव लिहिताना प्रश्नावलीच्या आधी एक गोष्ट ठरवावी: हा बदल झाला नसता तर काय घडले असते, ते आपल्याला कुठे पाहायला मिळणार?

बोरिवलीच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यातल्या तारापूर आणि त्यापलीकडच्या उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत याचे उत्तम उदाहरण आहे. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17 कंपन्यांच्या 28 कारखान्यांचा अभ्यास केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. चांगल्या व्यवस्थापनाने उत्पादकता वाढते का, हा त्यांचा प्रश्न. सल्लागारांची पूर्ण मदत कोणाला मिळणार हे मालकांच्या उत्साहावर सोडले असते, तर मुळातच हुशार मालक एका गटात जमले असते. म्हणून निवड योगायोगावर सोपवली. तुलनेच्या गटालाही महिनाभर पाहणी मिळाली, पण सुधारणा राबवण्याची पुढची चार महिन्यांची मदत दुसऱ्याच गटाला. तिथे पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. त्या काळात जगभर मंदी होती. तिची झळ दोन्ही गटांना बसणारी, त्यामुळे फरकाचा दोष किंवा श्रेय तिच्याकडे जात नाही. निवड कंपनीनिहाय होती हेही मोलाचे, कारण नव्या पद्धती पुढे त्याच मालकांच्या इतर कारखान्यांतही पसरल्या.

मरोळच्या चाळीस माणसांच्या कारखान्याला हे कसे परवडणार, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. शिवाय काहींना सोय द्यायची आणि काहींना नाही, हे कामगारांना अन्यायाचे वाटेल. माझ्या मते यावरचा मार्ग म्हणजे सोय सर्वांना, पण टप्प्याटप्प्याने द्यावी. कोणत्या विभागाची पाळी आधी, ते सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि मोजणी पहिल्या दिवसापासून सर्व विभागांत करावी. चाळीस माणसांत छोटा परिणाम दिसणार नाही, हे प्रस्तावातच स्पष्ट लिहावे.

अर्थात प्रत्येक प्रश्नाला असा प्रयोग लागत नाही. कामगार संरक्षक चष्मा का घालत नाहीत, हे सुपरवायझर नसताना त्यांच्याशी निवांत बोलूनच कळेल. पाठदुखी किती जणांना आहे, हे एका पाहणीतही समजेल. मात्र दुखण्याने हैराण झालेले नोकरी सोडून गेलेले असतात आणि उरलेल्यांना मोजून कारखाना निरोगी दिसतो. अशा वेळी आजचे मस्टर पुरत नाही. मागच्या काही वर्षांची मस्टर काढून, गेलेल्यांना गाठून, त्यांच्या संमतीने विचारावे लागते.