देवरिया तालची चढण

देवरिया ताल हा उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यातला, सुमारे २,४०० मीटर उंचीवरचा लहानसा तलाव आहे. उखीमठहून चोपत्याकडे जाताना फाटा फुटतो तो सारी गावाकडे. गाडी तिथवर जाते. पुढे जेमतेम तीन किलोमीटरची चढण पायी करायची. सारी गावच साधारण २,००० मीटरवर आहे, आणि कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर जिथे संपते, त्याच्याही वरून ही वाट सुरू होते.

वाट दगडी फरसबंदीची आहे, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. चढ मात्र सुरुवातीपासूनच अंगावर येतो. इथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला दम लागतो तो त्यामुळे. उंचीचा खरा त्रास सहसा २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो, म्हणून मुलांना आणि धडधाकट आजी-आजोबांना हा तलाव झेपतो. पोरे पहिल्या वळणापर्यंत धावत सुटतात आणि मग कडेवर घ्या म्हणून हटून बसतात. त्यांना पहिल्यापासूनच संथ चालवणे उत्तम. बांज आणि बुरांशाच्या सावलीत बसायला जागा भरपूर आहे. मार्च-एप्रिलमध्ये बुरांश लालभडक फुलतो. त्याच्या पाकळ्यांचे सरबत पहाडी घरांत हमखास मिळते.

वाटेपेक्षा वेळ सांभाळणे महत्त्वाचे. तलावात चौखंबा शिखराचे प्रतिबिंब पडते, आणि ७,१३८ मीटरचा हा हिमाच्छादित पहाड एवढ्याशा पाण्यात उलटा पाहण्यासाठीच लोक येतात. रात्री थंड हवा दरीत उतरून बसलेली असते, त्यामुळे पहाटे वारा नसतो आणि पाणी निश्चल राहते. ऊन चढले की उतार तापतात, दरीतली दमट हवा वर सरकते, गार होते आणि तिचे ढग बनतात. दुपारपर्यंत शिखरे बहुधा झाकली जातात. झाकली नाहीत तरी वाऱ्याने पाण्यावर लाटा उठतात आणि प्रतिबिंब मोडते. निवांत न्याहारी उरकून दहाला निघालेल्या कुटुंबाला तलाव दिसतो, चौखंबा दिसेलच असे नाही. उजाडताच सारी सोडणे हाच त्यावरचा उपाय, आणि त्यासाठी आदल्या रात्री गावात मुक्काम हवा.

यक्षाने पांडवांना प्रश्न विचारले ते सरोवर हेच, असे स्थानिक लोक सांगतात. पाकिस्तानातल्या कटासराजच्या कुंडाबद्दलही हीच कथा सांगितली जाते.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सोयीचे महिने. पावसाळ्यात दरडी कोसळून खालचे रस्तेच बंद पडतात, तर थंडीच्या ऐन भरात वाटेवर बर्फ असते. मुलांना एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे चढताना घाम आला की एक काढता येतो. उतरताना भार गुडघ्यांवर येतो. तळवा गुळगुळीत झालेले बूट दवाने भिजलेल्या फरशीवर हटकून घसरतात. मोठ्यांच्या हाती काठी असलेली बरी.

दुपारच्या आत सारीला परतले की उखीमठचे ओंकारेश्वर मंदिर त्याच दिवसात होते. हिवाळ्यात केदारनाथ आणि मध्यमहेश्वर ही मंदिरे बंद असतात, तेव्हा त्या दोन्ही देवांची पूजा इथे चालते. नोव्हेंबरअखेरीस येणाऱ्यांना केदारनाथाचे दर्शन घडते ते याच मंदिरात.