नागपूरचा बाजार आणि घरचा हिशेब

दिवाळी किंवा नाताळ जवळ आला, अथवा घरात लग्नकार्य निघाले, की पांढुर्णा आणि सौंसर या भागांतील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘खरेदीला नागपूरला केव्हा जायचे?’ वास्तविक आम्ही राहतो मध्य प्रदेशात आणि नागपूर आहे महाराष्ट्रात. तरीही गांधीबाग, इतवारी आणि सीताबर्डी ही नावे आमच्याकडे गावातल्या आळीच्या नावांइतकी परिचित आहेत. असे का व्हावे, आणि या खरेदीत खरा लाभ किती, याचा आज थोडा विचार करू.

पहिले कारण इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर आमचा हा मराठी मुलूखही. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. पण बाजार नागपुरातच राहिला. रूळ आणि रस्ते पूर्वीप्रमाणेच तिकडे जात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा सौंसर तालुक्यासह स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरी जवळ आली, तथापि बाजाराची वाट बदलली नाही.

दुसरे कारण व्यापाराच्या स्वरूपात आहे. मोठ्या बाजारातील व्यापारी माल घाऊक घेतो, म्हणून त्याला तो स्वस्त पडतो. शेजारी शेजारी अनेक दुकाने असल्यामुळे कोणालाही भाव फार चढवता येत नाही. गावातला दुकानदार पुष्कळदा तोच माल तिथूनच आणतो आणि त्यावर वाहतुकीचा खर्च व आपला नफा चढवतो. शिवाय इथे दहा साड्या पाहायला मिळाल्या, तर तिथे शंभर मिळतात.

तिसरे कारण पुष्कळ लोक सांगतात ते असे की, ‘तिकडे कर कमी आहे.’ हे मात्र आता खरे नाही. पूर्वी प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा असे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि एकाच वस्तूवर दोन्ही राज्यांत एकच दर झाला. पेट्रोल, डिझेल आणि मद्य यांसारख्या काही वस्तू मात्र त्याबाहेर आहेत. त्यांवर प्रत्येक राज्य आपापला कर लावते. नॉर्वेतील लोक स्वस्त मांस-मटणासाठी स्वीडनमध्ये जातात, तेव्हा परतताना त्यांना जकातीचे नियम पाळावे लागतात. आपल्या राज्यघटनेचा ३०१ वा अनुच्छेद देशभर व्यापाराला मोकळीक देतो. म्हणून सावनेरवरून साडी आणताना आपल्याला कोणी अडवीत नाही.

आता माझाच एक अनुभव सांगते. एका नाताळापूर्वी मी नागपुरातील एका दुकानातून मिक्सर घेतला. दुकानदार म्हणाला, ‘बाई, पक्के बिल घेतले तर कर द्यावा लागेल, चिठ्ठीवर घ्या, स्वस्त पडेल.’ मला ते पटले. महिन्याभरात मिक्सर जळाला. परत गेले, तेव्हा त्याच माणसाने विचारले, ‘बिल कुठे आहे?’ चिठ्ठीवर ना दुकानाचे नाव होते, ना तारीख. वाचविलेले पैसे दुसऱ्या फेरीच्या भाड्यातच गेले. शाळेत मुलांना व्यवहारी गणित शिकविणारी मी, स्वतःच्या व्यवहारात चुकले होते.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर आधीच धरलेले असतात. त्यावर वेगळा कर मागण्याचा अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही. बिल ही आपली ढाल आहे. पूर्वी अशी तक्रार साधारणपणे जिथे दुकान, तिथल्या मंचाकडे करावी लागे, आणि सीमेपलीकडच्या खेपांना भिऊन माणूस गप्प बसे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि ही अडचण दूर झाली. आता ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही पडत नाही.

शेवटी हिशेबाचे. समजा, एका वस्तूवर तीनशे रुपये वाचले, आणि दोघांचे भाडे व जेवण मिळून पाचशे लागले. तर दोनशेचा तोटाच झाला. बुडालेली मजुरी वेगळीच. म्हणून लग्नाचा बस्ता किंवा वर्षाचे सामान एकदम घ्यायचे असेल, तर अवश्य नागपूरला जावे. एखाददुसऱ्या वस्तूसाठी मात्र गावचा दुकानदारच बरा. कापूस आणि संत्री विकली जाईपर्यंत उधारीवर माल तोच देतो, आणि वस्तू बिघडली तर त्याचे दार दोन पावलांवर असते.

स्वस्त वस्तू आणि स्वस्तात पडलेली वस्तू, यांतला फरक ज्याला कळला, त्याला कोणताही बाजार फसवू शकणार नाही.