फाइल पोहोचली, पण माप पोहोचले का?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आपल्या धंद्यात आता पुठ्ठ्याचा फर्मा कमी आणि संगणकावरचा फर्मा जास्त झाला आहे. ऑर्डर देणारी पार्टी ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग काढते. लेझर कटिंगवाला तीच फाइल कोरलड्रॉमध्ये उघडतो. एम्ब्रॉयडरीवाल्याचा प्रोग्राम आणखी वेगळा असतो. पडद्यावर आकार सगळीकडे सारखाच दिसतो, पण माप बदललेले असू शकते. कापड कापून झाल्यावर हे कळले की भांडण सुरू होते, आणि नुकसान बहुधा कारागिराच्या मजुरीतून वळते केले जाते. म्हणून हा विषय प्रत्येकाने समजून घेणे जरुरी आहे.

एका प्रोग्राममधून दुसऱ्यात ड्रॉइंग नेण्यासाठी डीएक्सएफ नावाची फाइल चालते. ऑटोडेस्क कंपनीने ती १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आणली. या फाइलमध्ये रेषेची लांबी फक्त आकड्यात असते. आकडा १०० असेल, तर ते १०० मिलिमीटर की १०० इंच? आर-१२ सारख्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये याची नोंदच नसते. नव्या प्रकारात नोंद असते, पण उघडणारा प्रोग्राम ती वाचेलच असे नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणजे गैरसमज झाला की माल २५.४ पट मोठा किंवा तितकाच लहान होतो.

एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. खरा धोका लहान फरकाचा आहे. इंकस्केप या मोफत प्रोग्रामचे उदाहरण घ्या. त्यात पूर्वी एका इंचाला ९० ठिपके धरले जात. २०१७ साली आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरले जातात. जुन्या हिशेबाची एसव्हीजी फाइल नव्या हिशेबाने वाचली गेली, तर ४०० मिलिमीटरचा फर्मा ३७५ मिलिमीटरचा होतो. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण अंगात घातल्यावर कुर्ता नक्की आवळतो. कागदावर प्रिंट काढताना 'फिट टू पेज' चालू राहिले तरी असाच घोटाळा होतो. तिथे नेहमी 'ॲक्च्युअल साइज' निवडावे.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ड्रॉइंग पूर्ण मापात, म्हणजे एकास एक काढावे. फर्म्याच्या बाजूला १०० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद असा एक चौकोन काढून त्याच फाइलमध्ये ठेवावा. समोरच्याने फाइल उघडताच आधी तो चौकोन आडवा आणि उभा मोजावा. १०० भरला तर माप बरोबर. ९३.७५ भरला तर १०० ला ९३.७५ ने भागावे, उत्तर १.०६६७ येते. म्हणजे फर्मा आणि चौकोन एकत्र निवडून १०६.६७ टक्के करावे. २५४० भरला तर ३.९३७ टक्के करावे. माउसने ओढून अंदाजाने माप कधीही बसवू नये. शेवटी कटिंगच्या आधी चौकोन काढून टाकावा, नाहीतर मशीन तोही कापील.

एम्ब्रॉयडरीची गोष्ट वेगळी आहे. डीएसटी फाइलमध्ये टाके मिलिमीटरच्या दहाव्या भागात नोंदलेले असतात, त्यामुळे माप हरवत नाही. पण ती फाइल नुसती लहान-मोठी केली, तर टाक्यांची संख्या तीच राहू शकते. मोठी केली की भरणा विरळ होतो. लहान केली की टाके दाटतात, धागा तुटतो, सुई मोडते. म्हणून माप बदलायचे असेल तर डिझायनरकडून मूळ फाइलवरूनच नवी काढून घ्यावी.

मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देणारी 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह कुरआन शरीफात आहे. गज आणि तराजूच्या बाबतीत आपण ती लक्षात ठेवतो. संगणकावरचे मापही मापच आहे. चुकीच्या मापाची फाइल पाठवून नुकसान कारागिराच्या माथी मारणे इन्साफाचे नाही.

तेव्हा ऑर्डर देणाऱ्याने चलनावर तीन गोष्टी लिहाव्यात: माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, फर्म्याची पूर्ण लांबी-रुंदी किती, आणि चौकोन किती मापाचा. कारागिराने पहिला नग स्वस्त कापडावर किंवा कागदावर कापावा. तो स्टीलच्या पट्टीने मोजावा. कापडी टेप ताणली जाते. पार्टीची त्यावर सही घ्यावी आणि मगच थानाला हात लावावा. या कामात दहा मिनिटे जातील, पण पुढची तक्रार उरणार नाही, इन्शाअल्लाह.