दुर्बीण नाकात, धूळ वखारीत

कर्नाटकातल्या निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटताना आणि चाळताना उडणारी भुकटी आधी नाकात शिरते. 1980च्या सुमारास इथल्या कामगार बाया संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटानं 1982 मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रींमध्ये धूळ वाळूची. अशा कामाला असलेल्या माणसाची सर्दी हटेनाशी झाली, की निपाणीकर कोल्हापूर गाठतो किंवा बेळगाव. बेळगावात 1963 पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता ‘बिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तिथं कान-नाक-घशाचा डॉक्टर जेमतेम चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकात घालतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी नळीत छोट्या भिंगांऐवजी काचेच्या दांड्या बसवल्या आणि चित्र लख्ख झालं. जर्मनीच्या कार्ल स्टॉर्झ यांनी ती दुर्बीण बाजारात आणली. सरळ बघणारी शून्य अंशाची, कोपऱ्याआड डोकावणारी तीस किंवा सत्तर अंशांची, असे तिचे प्रकार.

तिनं शस्त्रक्रियेमागचा विचारही बदलला. गाल, कपाळ, दोन डोळ्यांमधली जागा आणि कवटीचा तळ इथल्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात; त्यांनाच सायनस म्हणतात. आतले सूक्ष्म केस शेंबूड ठरलेल्या तोंडाकडेच ढकलत नेतात. पूर्वी वरच्या ओठाखाली चीर देऊन गालाचं हाड फोडत आणि निचऱ्यासाठी वेगळं भोक पाडत. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी दाखवलं, की असं भोक असूनही शेंबूड मूळ तोंडाकडेच जातो. तुंबलेल्या गटाराला नवा खड्डा नको, त्याचं तोंडच मोकळं करायला हवं. मेसरक्लिंगर यांचे शिष्य स्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी 1985 नंतर दुर्बिणीतून ते तोंड मोकळं करण्याची ही पद्धत जगभर नेली.

सगळा खेळ अरुंद जागेतला. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ. वर मेंदूचं आवरण. म्हणून आधी सीटी स्कॅन. रुग्णाच्या बोलीत ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणजे बहुधा नाकाचा मधला पडदा वाकडा असतो. ‘मांस वाढलंय’ म्हणजे पॉलिप, अस्तराला आलेली मऊ गाठ. पॉलिप काढला तरी पुन्हा उगवू शकतो. त्यामुळे स्प्रे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आधीही असतं आणि नंतरही. धुण्याचं पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं.

2021मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत हीच दुर्बीण काळ्या बुरशीविरुद्ध उभी राहिली. मधुमेह आटोक्यात नसलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या सायनसमधून ती बुरशी डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकत होती. कर्नाटकानं मे महिन्यात तिची नोंद सक्तीची केली. ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाची देशभर टंचाई होती, आणि औषधाइतकंच मेलेला भाग वेळेत काढणंही गरजेचं होतं.

दुर्बीण वाट मोकळी करते, धूळ थांबवत नाही. ऑपरेशननंतर बाई त्याच वखारीत, त्याच भुकटीत परतली, तर नाकाचं अस्तर पुन्हा सुजतं. तेव्हा बारा आठवडे नाक चोंदलेलं राहिलं, वास येईनासा झाला, तर तज्ज्ञाकडे जा आणि काम काय करता ते आधी सांगा. डोळ्याला सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी जा. आणि वखार-फौंड्रीच्या मालकांनी मास्क अन् धूळ ओढणारे पंखे द्यावेत. ते शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त पडतात.