दुधाचे खाडे

स्वयंपाकघराच्या दारामागचं जुनं कालनिर्णय उतरवून नवं टांगायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. उतरवलेलं कॅलेंडर रद्दीत टाकण्याआधी मी एकदा चाळतो. छापलेलं नाही, हातानं लिहिलेलं. सिलिंडर कधी लावला, कामाच्या मावशी कोणत्या दिवशी आल्या नाहीत, गवळ्याचा खाडा कधी पडला. तेहतीस वर्षं बँकेत खतावण्या केलेल्या माणसाची ही खोड आहे, ती जात नाही. २०२५ चं कॅलेंडर मात्र रद्दीत गेलं नाही. मार्च, एप्रिल आणि मे ही तीन पानं चाळता चाळता मी ओट्यापाशीच स्टूल ओढून बसलो, आणि फोडणी टाकायला आलेल्या आमच्या हिची बोलणी खाल्ली.

पंचांगाच्या हिशेबात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. आमच्याकडे तो होळीपासूनच धरतात, कारण होळीला नातवंडांच्या गळ्यात साखरेची गाठी पडते आणि पाडव्याला दुसरी पडेपर्यंत पहिलीच्या मुंग्या घरभर फिरत असतात. १३ मार्चच्या चौकटीत माझं अक्षर आहे: ‘होळी. सिलिंडर.’ त्याखाली हिचं: ‘धाकटी उभी. टीपॉय.’ म्हणजे टीपॉयला धरून उभी राहिली. हिच्या नोंदी तारेच्या भाषेत असतात, शब्दामागे पैसे पडत असल्यासारख्या.

घरात नातवंडं दोन. थोरला सहा पूर्ण झालेला, जूनमध्ये पहिलीत जाणारा. धाकटी जन्मली ९ एप्रिल २०२४ ला, आणि तो दिवस गुढीपाडव्याचा होता. सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. २०२५ चा पाडवा आला ३० मार्चला. म्हणजे तिथीनं मुलगी वर्षाची झाली ३० मार्चला आणि तारखेनं होणार होती ९ एप्रिलला. पाडव्याला गुढी उभारल्यावर हिनं तिला पाटावर बसवून ओवाळलं, कडुनिंबाचं पान जिभेला टेकवलं आणि तिनं केलेल्या तोंडाला सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ईद होती, खालच्या मजल्यावरून शीरखुर्मा आला, तोही हिनं वाढदिवसाच्या खात्यात जमा धरला. सूनबाईंचा केक मात्र ९ तारखेचाच ठरलेला होता. मधले दहा दिवस ती पोर एका हिशेबानं वर्षाची होती आणि दुसऱ्या हिशेबानं नव्हती. बँकेत अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो.

आणि नेमक्या त्याच दहा दिवसांत ती चालली.

तिच्या चालण्याची काळजी तिला सोडून सगळ्यांना होती. समोरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, ‘‘अजून नाही? आमचा तर नवव्या महिन्यात धावत होता.’’ मी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगून पाहिला. पाच देशांतली मुलं त्यात पाहिली होती, आपल्याकडची दक्षिण दिल्लीतली. आधाराशिवाय चालणं कोणाला आठव्या महिन्यात जमलं, कोणाला साडेसतराव्या, आणि शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उठून चालू लागली. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘ती दिल्लीची मुलं.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलानं चाकांचा, मध्ये बसायचा वॉकर आणायचं काढलं होतं. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं: मूल त्यात बसून पाय मारतं, तोल सावरायला शिकत नाही, शिवाय वेगानं जाऊन आपटतं. कॅनडानं तर २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. मग माळ्यावरून पांगुळगाडा निघाला. लाकडी, तीन चाकांचा, सावंतवाडीहून आणलेला, १९९० साली माझ्या मुलानं ढकललेला. एक चाक कुरकुरत होतं, त्याला खोबरेल तेल लावलं.

२ एप्रिल, बुधवार, दुपार. ही फरशीवर विळी घेऊन साखरआंब्यासाठी कैऱ्या किसत होती. थोरला आत झोपला होता. धाकटी पांगुळगाड्याला धरून उभी होती आणि तिचं लक्ष कैरीच्या ताटाकडे होतं. हिनं विळी आडवी करून मागे सरकवली, कारण ती नजर हिला कळते. पोरीनं गाड्याची दांडी सोडली. एक, दोन, तीन. तिसऱ्या पावलाला ती धपकन बसली ती हात किसात घालूनच, आणि मूठ तोंडात कोंबून तिनं जे तोंड केलं त्यापुढे कडुनिंबाचं काहीच नव्हतं.

आम्ही दोघं काही बोललो नाही. मग मी मोबाइल घ्यायला उठलो, तर ही म्हणाली, ‘‘सांगू नका.’’

मुलगा हिंजवडीला जातो, सून खराडीला. पुण्याची ही दोन टोकं, आणि आमचं घर मध्ये. सकाळी पोर उठायच्या आत एक जण बाहेर पडतो आणि संध्याकाळी ती पेंगत असताना दुसरी येते. ‘‘त्यांना आपापलं बघू दे की,’’ ही म्हणाली. ‘‘फोनवर कळलं तर तिला दिवसभर कामात लक्ष लागणार नाही.’’ हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पण रोख माझ्याकडे होता. १९९० साली मी लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत बदलीवर होतो. मार्चअखेर म्हणजे खाती जुळवणं; ताळेबंदात सत्तर पैशांचा फरक निघाला तर रात्री दीडपर्यंत तो शोधायचा. आमचा मुलगा चालायला लागला हे मला आंतर्देशीय पत्रातून समजलं. घरमालकानं भाडं वाढवलं आणि रॉकेल मिळत नाही या दोन वाक्यांच्या मध्ये ती बातमी होती. तिनं ती अशी का लिहिली हे मी कधी विचारलं नाही. आता विचारलं तर म्हणेल, जागा तेवढीच होती.

तर आम्ही गप्प बसलो. ६ एप्रिलला रामनवमी होती आणि रविवार. बाराला पाळणा झाला, सुंठवडा वाटला, दोघंही घरी होती. हिनं धाकटीला देवघरापाशी उभं केलं आणि मुलाला म्हणाली, ‘‘समोर बस जरा, सुंठवडा दाखव तिला.’’ पोर गेली चालत. हाका, टाळ्या, मोबाइल. पाच मिनिटांत व्हिडिओ सोलापूरच्या आजोळी पोहोचला होता आणि तिकडून मामाचा फोन आला होता. आम्ही दोघांनीही टाळ्या वाजवल्या. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नाटकातलं नसावं.

त्यानंतरचा वाद पुढचे तीन दिवस पुरला. मुलगा सगळ्यांना सांगत होता, वर्षाच्या आत चालली. ही म्हणे, वर्षाची होऊन गेल्यावर चालली. दोघंही खरं बोलत होते.

थोरल्याच्या बाबतीत असं लपवण्यासारखं काही राहिलं नाही, तो जे करतो ते ओरडून करतो. मार्चअखेरीला त्याला अक्षरं जोडून वाचायचा नाद लागला आणि वाचायला घेतल्या त्या रस्त्यावरच्या पाट्या. ‘दूध डेअरी’ सुटली, ‘झेरॉक्स’ सुटली, अडला तो ‘अमृततुल्य’पाशी. पुण्यात दर शंभर पावलांवर ती पाटी आहे, त्यामुळे माझा संध्याकाळचा फेरफटका तासाभरानं लांबला. याच सुमारास १६ एप्रिलचा शासन निर्णय आला, पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी. जिन्यात, गच्चीवर, औषधाच्या दुकानात त्यावर माणसं तावातावानं बोलत होती. जूनअखेर तो निर्णय मागेही घेतला गेला. ज्याच्या पहिलीबद्दल हे चाललं होतं तो गृहस्थ माझं बोट धरून चहाच्या पाटीखाली ‘तु-ल्-य’ करत उभा होता.

सायकलीचं श्रेय त्या वर्षीच्या परीक्षांना द्यायला हवं. पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एका वेळापत्रकानं, ८ ते २५ एप्रिल अशा लांबल्या. इमारतीतली मोठी मुलं घरात कोंडलेली, क्रिकेट बंद, खालचं आवार मोकळं. थोरल्यानं त्या अडीच आठवड्यांत बाजूची दोन्ही चाकं काढायला लावली. दोन्ही गुडघे फुटले. २४ एप्रिलच्या चौकटीत हिची नोंद: ‘सायकल आली. हळद संपली.’

दाताची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. दुधाचे दात वीस. जे आधी येतात तेच साधारण आधी पडतात, खालचे पुढचे दोन. त्यातला एक अक्षय्य तृतीयेपासून हलत होता. थोरला दिवसभर तो जिभेनं ढकलायचा आणि जेवताना आम्हाला दाखवायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात गच्चीची किल्ली हिच्या ताब्यात आली आणि वाळवण सुरू झालं. गहू तीन दिवस भिजवून कुरडयांचा चीक निघाला, साबुदाण्याच्या चिकवड्या झाल्या, मग उडदाचे पापड. पापड लाटायला शेजारच्या चौघी आल्या होत्या. राखणीला थोरला, काठी घेऊन. राखणीचा मोबदला म्हणजे तेलात बुडवलेली कच्ची लाटी. चौथी लाटी चावता चावता तो थांबला, तोंडात बोट घातलं आणि किंचाळला. दात नव्हता. गिळला की काय म्हणून सून घाबरली, चौघी लाटणी टाकून उठल्या. तेवढ्यात वहिनींनी त्याच्या हातातली उरलेली लाटी उजेडात धरली. दात तिच्यात रुतून बसला होता, अंगठीत खडा बसवावा तसा.

पुढचा प्रश्न दाताचं काय करायचं. आमच्या लहानपणी दात कौलांवर फेकायचा आणि उंदीरमामाकडे त्याचा दात मागायचा. सिमेंटच्या गच्चीवर कौल कुठलं आणि उंदीर असला तर सेक्रेटरी औषध टाकतो. शेवटी तुळशीच्या कुंडीत पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं तो उकरून पाहिला, अजून मोड आला नव्हता. त्याला हसताना पाहून ही मला म्हणाली, ‘‘हाही दुधाचाच खाडा. लिहून ठेवा.’’ मी लिहिला. ७ मेच्या चौकटीत आहे.

धाकटीचा पहिला शब्दही गच्चीवरचाच. तिच्या आईनं ‘आई’साठी आणि बापानं ‘बाबा’साठी दोन महिने मेहनत घेतली होती. ती म्हणाली ‘काऊ’. चिकवड्यांवर बसलेल्या कावळ्याकडे बोट करून, स्पष्ट. याची नोंद मी केली नाही, कारण चौघींसमोर झालं आणि दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला माहीत होतं.

मग मे बिघडला. वळवाचा पाऊस एखादा यावा, तो रोजच यायला लागला. सांडग्यांची परात तीन वेळा वर नेली आणि तीन वेळा पळत खाली आणली. चौथ्या वेळी त्यांना बुरशी धरली होती. २६ मेला मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. इतक्या लवकर आल्याची नोंद आधी नव्हती. आणि वैशाख अजून संपलेलाही नव्हता. पंचांगातला वसंत चालू आणि दारात पागोळ्या. थोरला रेनकोट घालून सायकलवर, धाकटी खिडकीच्या गजाला धरून त्याच्यावर ओरडते आहे, असं ते चित्र.

त्याच आठवड्यात गवळी आला. लग्नसराईला गावी गेला होता, म्हणून एप्रिल आणि मेचं बिल एकदम. शनिवार होता, सूनबाई घरी होत्या. खाडे बघायला त्यांनी कॅलेंडर उतरवलं, एप्रिलचं पान उलटलं आणि वाचत उभ्या राहिल्या. २ तारखेच्या चौकटीत माझं पेन्सिलीचं अक्षर होतं: ‘३ पावलं. कैरी.’

‘‘बाबा, हे काय?’’

कणकेत हिचे हात थांबले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ‘‘चालली होती त्या दिवशी.’’

‘‘किती वाजता?’’

‘‘तीन, सव्वातीन.’’

त्यांनी मनाशी काही हिशेब केला. त्या वेळी आपण कुठे होतो, असला असेल. ‘‘रविवारी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.’’

‘‘वाजवल्या.’’

‘‘आईंनी सांगितलं ना, सांगू नका म्हणून?’’ आम्ही दोघंही गप्प. मग त्या हिच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘आई, पुढच्या वेळी फोन करायचा. मीटिंग असली तरी करायचा. मी रडले तर रडेन.’’

हिला अजून वाटतं की आपलं बरोबर होतं. मला वाटत नाही. पत्रातून का होईना, मला १९९० साली ते खरं आणि वेळेवर कळवलं गेलं होतं. आम्ही या दोघांना चार दिवस शिळं ताजं म्हणून वाढलं. सूनबाईंनी पेन घेऊन माझ्या नोंदीखाली वेळ लिहिली, ३.१५, आणि कॅलेंडर परत टांगलं.

२ एप्रिलला गवळी आला नव्हता, हे मला पक्कं आठवतं, कारण दुपारचा चहा आम्ही कोरा घेतला होता. पण चौकटीत दुसरं काही लिहायला जागा उरली नव्हती. गवळ्यानं तीस दिवसांचे पैसे घेतले.